एक कोटी दोन लाख की पावणेतीन लाख? पांदणीवरून निघालेला संरक्षण खर्चाचा हिशोब

गाव वर्धा जिल्ह्यातलं, पुलगावच्या दारूगोळा भांडारापासून पंधरा-वीस किलोमीटर आत. नाव सांगत नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही बारकावे बदलले आहेत आणि गावाचे आकडे गोल केले आहेत. केंद्राच्या अर्थसंकल्पाचे आणि करांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत. मी या भागात ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाचं काम करतो. या प्रकरणात माझाही हात होता आणि त्यातली एक चूक सरळ माझी आहे.

पार्श्वभूमी

साधारण २,१०० माणसं, ४७० घरं. कापूस, तूर, सोयाबीन. ज्याच्याकडे विहीर त्याचा थोडा चना. तिघं पोरं सैन्यात, एक सीआरपीएफमध्ये. माजी सैनिकांची किंवा त्यांच्या विधवांची सहा घरं. ‘डेपो’ म्हटलं की इथे एसटीचा डेपो कोणाच्या डोक्यात येत नाही, दारूगोळ्याचाच येतो. ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली, अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली. त्या रात्री आपण अंगणात कुठे उभे होतो हे इथली मोठी माणसं अजून हात करून दाखवतात. म्हणजे लष्कर हा या गावाला टीव्हीवरचा विषय नाही.

गावाची मागणी अगदी साधी होती, पांदण. आखरापासून वावरांकडे जाणारी दीड किलोमीटरची वाट, साठेक शेतकऱ्यांची. जूनपासून दिवाळीपर्यंत तिच्यात बंडी जात नाही. खताचं पोतं डोक्यावर न्यायचं, वेचलेला कापूस डोक्यावर आणायचा, आणि ट्रॅक्टरवाला नाही म्हणाला की फवारणीचं पाणीसुद्धा गुंडानं वाहायचं. पक्की खडीकरणाची पांदण करायची तर तीस लाखांच्या वर अंदाज गेला. प्रस्ताव तालुक्याला पडून.

ग्रामपंचायतीकडे काय होतं? पंधराव्या वित्त आयोगाचे वर्षाला साधारण बारा लाख, त्यातला ६० टक्के पैसा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. उरले पावणेपाच लाख. घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी अडीच लाख, वसुली दीड. दिवाबत्ती आणि शिपायाचा पगार यातूनच.

अडचण कुठे सुरू झाली

जुलै २०२५ मध्ये आराखड्याच्या बैठकीत मी नेहमीचं सांगत होतो: बंधित, अबंधित, कोणत्या पैशातून काय बसतं. मागे एक एमपीएससी करणारा पोरगा बसला होता. बाप मजूर, पोरगा एम. कॉम. तो उठला. “सर, पांदणीले पैसा नाही म्हणता. मंग मिसाइलले कुठून येते?”

ऑपरेशन सिंदूरला तेव्हा दोन महिने झाले होते. ७ ते १० मे या चार दिवसांत पानठेल्यावरच्या टीव्हीपुढून गर्दी हललीच नव्हती. त्यामुळे प्रश्नावर काही लोक हसले, काहींनी मान फिरवली. मी म्हणालो, “हिशोब करून आण.” शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून असं निघतंच, आणि मला ते बरंही वाटलं होतं.

त्यानं चार दिवसांत आणला. २०२५-२६ चा संरक्षणाचा अर्थसंकल्प ६,८१,२१० कोटी. भागिले १४० कोटी लोक, माणशी ४,८६६ रुपये. गुणिले २,१००. उत्तर १ कोटी २ लाख. खाली त्यानं लाल पेनानं लिहिलं होतं: दरवर्षी तीन पांदणी.

गणित बरोबर होतं. मी ते तपासलं, शाबासकी दिली आणि फ्लेक्स करायला हरकत घेतली नाही. ही माझी चूक. आठ बाय चारचा फ्लेक्स, साडेसहाशे रुपयांचा. “आपल्या गावाचा युद्धखर्च: वर्षाला १ कोटी २ लाख. आपली पांदण: शून्य.” १४ ऑगस्टच्या रात्री तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, झेंड्याच्या खांबापासून दहा पावलांवर.

पंधरा ऑगस्टला गावातले निवृत्त हवालदार काका दरवर्षी पदकं लावून, इस्त्रीच्या कपड्यात येतात. त्यांनी झेंड्याला सलामी दिली, वळले आणि फ्लेक्स वाचला. हात लावला नाही. ग्रामसभा सुरू झाल्यावर पहिले तेच उभे राहिले.

“याच्यात माही पेन्शन बी धरली काय?”

पोरगा म्हणाला, “हो काका, पेन्शनसकट हाय.”

“मंग मी गावाची पांदण खाऊन राह्यलो, असंच झालं न?”

त्यानंतर सभा सभेसारखी राहिली नाही. कोणीतरी मागून पोराला ‘पाकिस्तानचा पोट्टा’ म्हणालं. सैन्यात असलेल्या एकाची आई रडायला लागली. पोराचा बाप कोपऱ्यात हात जोडून उभा होता, कोणाला ते कळत नव्हतं. पांदणीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पाचवा होता, तिथवर कोणी पोहोचलंच नाही.

आकडा कोणता धरायचा

त्या रात्री सरपंचताईंच्या ओसरीवर बसलो. ताई, ग्रामपंचायत अधिकारी, पोरगा आणि मी. ताईंनी एकच विचारलं: “आकडा चुकीचा हाय का वेळ चुकीची, ते आधी सांगा.”

आकडा आणि वेळ दोन्ही आपापल्या जागी चुकले होते, पण सगळ्यात जास्त चुकला होता तो शब्द. आपल्या अर्थसंकल्पात ‘युद्ध’ नावाचा रकानाच नाही. ६,८१,२१० कोटींत काय काय आहे ते आम्ही चौघांनी त्या रात्री पहिल्यांदा नीट उलगडून पाहिलं. पेन्शन १,६०,७९५ कोटी, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. विमानं, जहाजं, तोफा अशी भांडवली खरेदी १,८०,००० कोटी, तीही चौथ्या हिश्श्याहून थोडीच जास्त. सगळ्यात मोठा भाग, ३,११,७३२ कोटी, पगार, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती यांचा. उरलेलं मंत्रालयाच्या मुलकी खात्याचं. युद्ध झालं नाही तरी यातला बराच पैसा जाणारच. तो युद्धखर्च नाही, सैन्य बाळगण्याचा खर्च आहे. आणि सीआरपीएफवाल्या पोराचा पगार यात नाहीच, तो गृह मंत्रालयातून येतो. फ्लेक्सवर मात्र सगळा गोळा ‘युद्ध’ या एका शब्दाखाली आला होता.

दुसरा गोंधळ टक्क्यांचा. पोराकडे वर्तमानपत्रातलं ‘रुपया कसा जातो’ हे चित्र कापून ठेवलेलं होतं, त्यात संरक्षणाला ८ पैसे. दुसऱ्या कात्रणात साडेतेरा टक्के. तो म्हणाला, “सर, यातलं कोणतं खोटं?” कोणतंच नाही. आठ पैशांत पेन्शन धरलेली नसते, आणि तो रुपया राज्यांना वाटून दिलेल्या करांसकट मोजलेला असतो. साडेतेरामध्ये पेन्शन आहे, पण राज्यांचा वाटा बाजूला काढून उरलेल्या ५०,६५,३४५ कोटींवर तो हिशोब आहे. आम्ही पेन्शनही आत घेतली आणि राज्यांचे १४.२२ लाख कोटीही आत घेतले, तेव्हा साडेदहा टक्के आले. म्हणजे केंद्राच्या तिजोरीत गेलेल्या रुपयातले साडेदहा पैसे. गावात बोलताना हाच आकडा धरायचा असं ठरलं, कारण माणूस जो कर भरतो त्यातला काही राज्याकडे परत येतो हे त्यात झाकलं जात नाही.

तिसरी गोष्ट जास्त अडचणीची. ४,८६६ रुपये माणशी ही सरासरी आहे. तो पैसा या गावानं भरलेला नाही. केंद्राच्या रुपयात त्या वर्षी आयकर २२ पैसे, कंपनी कर १७, जीएसटी १८. आणि २४ पैसे उधारीचे! गावात आयकर भरणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. गाव भरतं ते जीएसटी आणि पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क. मग प्रश्न बदलला: ‘आपल्या नावावर किती खर्च होतो’ असा न राहता ‘आपल्या खिशातून किती जातो’ असा झाला.

समोर असलेले पर्याय

ओसरीवर चार रस्ते निघाले. ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं म्हणणं सरळ होतं: विषय संपवा, फ्लेक्स काढा, पुढच्या सभेत पांदण घ्या. त्याची बाजू मला आजही कमकुवत वाटत नाही; गाव फुटलं की वसुलीपण बसते. पोराला उलट टोकाचं हवं होतं, म्हणजे संरक्षण खर्च कमी करा असा ठराव करून दिल्लीला पाठवायचा. त्याचा युक्तिवाद: त्याच वर्षी रोजगार हमीला ८६,००० कोटी, संरक्षणाला त्याच्या जवळपास आठपट, हे विचारायचा हक्क ग्रामसभेला नाही तर कोणाला? हक्क आहे. पण अशा ठरावाला बंधनकारक ताकद काही नाही, आणि ज्या सभेत एका माणसाची पेन्शन भिंतीवर लागली होती तिथं तो मांडणं म्हणजे जखमेवर फवारणी.

तिसरा रस्ता पांदण आणि हा हिशोब वेगळे करण्याचा. चौथा हिशोब नव्यानं, घराघरातून, बिलांवरून करण्याचा. ताईंनी तिसरा आणि चौथा दोन्ही घेतले. “पोराले गप बसवलं तर तो उद्या फेसबुकवर बोलन. त्याच्या हातात वही द्या.” हे शहाणपण माझं नव्हतं, ते त्यांचं.

एक निर्णय त्या रात्री घ्यायचा राहून गेला. हवालदार काकांकडे कोण जाणार? मी म्हणालो मी जातो. मी गेलो नाही, सहा आठवडे.

बिलांचा महिना

२५ ऑगस्ट ते २५ सप्टेंबर, बावीस घरं. बचत गटाच्या बायांनी घरं निवडली. त्यात दहा शेतकरी, नऊ मजूर, दोन दुकानदार आणि माजी सैनिकाचं एक घर. खरीपाची खतं-औषधं आधीच घेतलेली होती, म्हणून त्यांची बिलं वर्षाच्या हिशोबानं वेगळी जमवली.

कागदावर सोपं वाटलेलं काम हातात घेतल्यावर कसं असतं ते इथे कळलं. कृषी केंद्राचं पक्कं बिल दहापैकी सहा घरांतच सापडलं, बाकी वहीच्या पानावरची उधारी. किराण्याला बिलच नाही; कर पाकिटाच्या किमतीत दडलेला. सुटी डाळ आणि सुटी ज्वारी घेतली तर त्यावर जीएसटी नाही, पण बिस्किटाच्या पुड्यावर आहे. डिझेल तर कोणी विकतच घेत नाही, नांगरणी-वखरणीचा ट्रॅक्टर एकरावर ठरतो. शेवटी दोन ट्रॅक्टरवाल्यांना बसवून एकराला किती लिटर जातं ते काढलं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे २२ सप्टेंबरला जीएसटीचे दरच बदलले. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर. चार दिवसांसाठी वही पुन्हा मांडायची का? पोरानं जुनेच दर धरले आणि पत्रकावर तसं लिहिलं.

पाच एकरांचं एक घर घेऊन दाखवतो. कीटकनाशकं-तणनाशकं वर्षाला ९,००० ची. १८ टक्क्यांप्रमाणे आतला कर १,३७३. खतं ८,००० ची, ५ टक्क्यांप्रमाणे ३८१. दोन मोबाइलचे रिचार्ज ७,२०० चे, त्यात १,०९८. किराणा, कपडे, पाकिटं यांतला अंदाजे १,७००. झाला जीएसटी साडेचार हजार, त्यातला निम्मा राज्याचा, निम्मा केंद्राचा. मोटरसायकलला महिन्याला दहा लिटर पेट्रोल; लिटरला केंद्राचं उत्पादन शुल्क तेव्हा २१ रुपये ९० पैसे, वर्षाचे २,६२८. भाड्याच्या ट्रॅक्टरचं डिझेल ११० लिटर, लिटरला १७ रुपये ८० पैसे, १,९५८. केंद्राकडे गेले ६,८६२. त्यातले साडेदहा टक्के म्हणजे ७२० रुपये.

घरधन्यानं ७२० ऐकून विचारलं, “वर्षाचे?” वर्षाचे. “मले वाटलं महिन्याचे.” त्याची बायको मात्र वेगळ्याच ओळीवर अडकली होती. “पराटीच्या फवाऱ्यावर अठरा टक्के, अन् सोन्यावर तीन?” तिचं बरोबर होतं. संरक्षणाचा हिशोब करायला गेलो आणि घरोघरी जास्त राग निघाला तो औषधाच्या बिलावरचा.

मजुरांच्या घरांचा आकडा बराच कमी. बावीस घरांची सरासरी केंद्राला साडेपाच हजार, त्यातला संरक्षणाचा वाटा पावणेसहाशेच्या आसपास. ४७० घरांचे पावणेतीन लाख. कंपन्यांनी किमतीत घातलेला कर, आयात शुल्क हे यात नाही, ते मोजता आलं नाही. तरी एक कोटी दोन लाखांपासून हे फार लांब होतं.

मग पोरानं स्वतःच उलटी बाजू मांडली, कोणी न सांगता. सहा घरांत येणारी पेन्शन, कमीत कमी महिना वीस हजार धरली तरी वर्षाला चौदा लाखांवर. गावातून जाणारे पावणेतीन, गावात येणारे चौदा. तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसला. “म्हणजे सर, आपलं गाव फायद्यात?” मी म्हणालो, सहा घरं. पांदण साठ घरांची.

याच महिन्यात एक गोष्ट आपोआप पुढे आली. गाव स्वतःच्या तिजोरीतून लष्करासाठी थेट काय देतं, तर घरपट्टी. राज्य शासनानं २०२० पासून माजी सैनिक आणि सैनिक विधवांना मालमत्ता कर माफ केला आहे. सहा घरांचे साडेपाच हजार रुपये. निर्णय राज्याचा, तूट गावाची. डेपोला लागून असलेल्या गावांचा प्रश्न याहून मोठा आहे. संविधानाच्या कलम २८५ मुळे केंद्राच्या मालमत्तेवर ग्रामपंचायतीला कर लावता येत नाही, आणि १९०३ च्या ‘वर्क्स ऑफ डिफेन्स’ कायद्यानं आजूबाजूच्या बांधकामावर बंधनं येतात. पण तो वेगळ्या प्रकरणाचा विषय.

काकांच्या ओसरीवर

शेवटी मी आणि पोरगा हवालदार काकांकडे गेलो ते सप्टेंबरच्या शेवटी, पत्रक तयार झाल्यावर. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, चष्मा लावला आणि पत्रक दोनदा वाचलं. मग पेन्शनच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे वेगळं लिहिलं, चांगलं केलं. पण हे तिकडून येते म्हणून लिहिलं, मी तिकडं काय देल्लं ते नाही लिहिलं.” पोरगा म्हणाला, “काका, ते कसं लिहू?” काका म्हणाले, “नको लिहू. पण माहीत असू दे.”

चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच एक मुद्दा काढला, तो आमच्या पत्रकात नव्हता. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध लागलं, आणि त्यांच्या वावरातलं पोटॅशचं पोतं सतराशेवर गेलं. डीएपी १,३५० वर थांबलं, पण ते का थांबलं? केंद्राचं खत अनुदान त्या वर्षी अडीच लाख कोटींवर गेलं म्हणून. “आपलं सैन्य तिथं गेलं नाही, तरी बिल इथं आलंच न?” पत्रकात ही ओळ वाढवली. माझ्या मते अख्ख्या पत्रकातली सगळ्यात उपयोगी ओळ तीच आहे, कारण ती कोणाच्याही पेन्शनकडे बोट दाखवत नाही.

ग्रामसभा आणि निकाल

२ ऑक्टोबर २०२५ ला ग्रामसभा. त्याच दिवशी दसरा. अर्धं गाव नागपूरला दीक्षाभूमीवर, उरलेलं सोनं वाटण्यात. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा शंभर यातला कमी आकडा लागतो. अठ्ठावीस लोक आले. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, तरी आठवड्यानं झालेल्या सभेला सत्तरेक माणसं होती. पावसानं सोयाबीन झोपवलं होतं, लोक वैतागलेले होते, त्यामुळे कोणाला लांबण लावायची हौस नव्हती.

आधी पांदण घेतली, हिशोब नंतर. हा क्रम ताईंचा, आणि माझ्या मते निकाल त्यानंच ठरला. अबंधित पैशातून दोन लाख आणि लोकवर्गणी मिळून पहिल्या ६०० मीटरला मातीकाम आणि मुरूम, वेचणी सुरू व्हायच्या आत. साठपैकी चाळीस शेतकऱ्यांनी तिथेच पैसे कबूल केले.

मग पोरानं पत्रक वाचलं. या वेळी फ्लेक्स नव्हता, पाठपोट झेरॉक्स होती. निवृत्त डाकसेवक आजोबांनी मधेच थांबवलं आणि १९७१ ची गोष्ट सांगितली. बांगलादेशातून निर्वासित आले तेव्हा प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, त्यावर तसं छापलेलंच होतं. “लोकं कुरकुर करत, पण कायचा पैसा जाते ते दिसे. आता सांगा, या रिचार्जमंधी कोणतं तिकीट लावलं हाय?” एवढ्यावर सभेत पहिल्यांदा हशा झाला.

संरक्षण खर्च कमी करण्याचा ठराव पोरानं मांडलाच. ताईंनी अडवलं नाही. हात वर झाले अकरा. ठराव पडला, पण इतिवृत्तात चर्चा नोंदवली गेली, अकरा या आकड्यासकट. दुसरे दोन ठराव झाले: दरवर्षी केंद्राचा अर्थसंकल्प आल्यावर गावाच्या करांचं असं पत्रक ग्रामसभेत वाचायचं, आणि माजी सैनिकांच्या घरपट्टी माफीची भरपाई राज्यानं ग्रामपंचायतीला द्यावी अशी मागणी पाठवायची. हवालदार काका त्या वेळी उठले आणि म्हणाले, माफी नको, मी भरतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं सांगितलं की माफ असलेला कर घेता येत नाही. मग काकांनी नऊशे रुपये पांदणीच्या वर्गणीत दिले आणि पावतीवर ‘लोकवर्गणी’ लिहिलंय ना हे दोनदा पाहिलं.

डिसेंबरपर्यंत ६०० मीटरचं काम झालं. कापसाच्या बंड्या त्या तुकड्यापर्यंत येतात, पुढे अजून डोकंच. उरलेल्या ९०० मीटरवर दोन ठिकाणी धुरा, म्हणजे वावराचा बांध, पांदणीत सरकलेला आहे, मोजणी झाल्याशिवाय तिथे हात लावता येत नाही. मोजणीचा अर्ज दिला आहे. घरपट्टीच्या मागणीला उत्तर आलेलं नाही. ‘पाकिस्तानचा पोट्टा’ म्हणणाऱ्यानं माफी मागितली नाही, आणि पोराचा बाप त्यानंतरच्या एकाही सभेला आलेला नाही.

आज पुन्हा केलं तर

फ्लेक्स करणार नाही, हे तर झालंच. पण त्याहून आधीची चूक मोठी होती. जुलैच्या बैठकीत पोरानं विचारलं तेव्हाच मी सांगायला हवं होतं की पांदणीचा पैसा मुख्यतः राज्याच्या योजनांतून आणि रोजगार हमीतून येतो. संरक्षणातून शंभर कोटी वाचले तर ते आपोआप या पांदणीत येत नाहीत, दोन्हीचे दरवाजे वेगळे. ‘तीन पांदणी’ ही तुलना ऐकायला जोरदार होती, पण तिनं गावाला चुकीच्या दारात उभं केलं. राज्याचा अर्थसंकल्प, जिल्ह्याचा आराखडा, रोहयोची रखडलेली मजुरी, हे आधी घ्यायला हवं होतं.

सहा घरांकडे आधी जायला हवं होतं. माहिती म्हणून नाही, त्यांची परवानगी घ्यायलाही नाही; त्यांचे प्रश्न आधी ऐकायला. खताची ओळ ऑगस्टमध्येच मिळाली असती.

बावीस घरं जी तयार झाली तीच घेतली, आणि तयार होणारी घरं बहुधा हिशोबी असतात. पुढच्या वेळी चिठ्ठ्या टाकून निवडायची. माजी सैनिकाचं एकच घर होतं, तेही कमी. आणि महिना ऑगस्ट-सप्टेंबरचा न घेता दोन घ्यायचे, एक पेरणीचा, एक लग्नसराईचा, कारण गावाचा खर्च बारा महिने सारखा नसतो.

एका गोष्टीवर माझं आणि पोराचं अजून एकमत नाही. तो म्हणतो, “सर, माहा आकडा खोटा नव्हता.” नव्हता. देश माणशी ४,८६६ रुपये कुठे लावतो हे विचारणं हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे, आणि पावणेतीन लाखांचा हिशोब त्याचं उत्तर देत नाही. त्या २४ पैशांच्या उधारीचं व्याज कोण भरणार, हेही आमच्या पत्रकात नाही. मी त्याला म्हणतो, तो प्रश्न विचार, पण त्याच्या खाली गावाचं नाव लिहू नकोस. त्याला हे पटत नाही.

फ्लेक्स सध्या पोराच्या घरच्याच सोयाबीनच्या गंजीवर आहे, अक्षरं आतल्या बाजूला. काकांनी मागच्या आठवड्यात त्याला वाटेत थांबवून सांगितलं, या वर्षीचं पत्रक छापायच्या आधी मले दाखवजो, पेट्रोलचा भाव मी लिहून ठेवून राह्यलो.